पंचेचाळीस दिवसांची बांधणी

हॅलो?

हां, बोल दादा… घरीच आहे… नाही… नाही म्हणजे अजून नाही. अरे, पाणी काढायला असा किती वेळ लागतो? नळी लावली की अर्ध्या तासात टाकी रिकामी… हो, नळी माझ्या हातातच आहे… बरं, हातात नाही. खुंटीला आहे.

कुठपर्यंत आला तो?… वारंगा फाटा? चहाला थांबलाय म्हणतोस, म्हणजे अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत… माहीत आहे दादा. लातूरहून माणूस पहाटे निघालाय, टेम्पो घेऊन निघालाय, तू त्याला शब्द दिलायस, माशांची टाकी रिकामी करून पुसून ठेवायची आहे. काल तीनदा सांगितलंस. सगळं पाठ आहे माझं.

पण बाबांना माहीत नाही ना… मी का सांगू? तू म्हणालास, मी बोलतो त्यांच्याशी… बोललास का?… मग.

नाहीत घरात. दाढी करायला गेलेत… दाढी, दादा. कटिंगच्या दुकानात. सकाळी आठलाच गेले, तिथं गर्दी आहे म्हणून बसलेत… कारण आज टेस्टिंग आहे… अरे ऐक ना. तेच तर सांगून राहिले मी. तू पाच मिनिटं मध्ये बोलू नकोस. त्यानंतर तू म्हणशील तर मी नळी लावते. बुद्धप्रिया मारोती कांबळे, बीएस्सी, असं लिहून देते पाहिजे तर… हां. हसलास ना, मग ऐक आता.

तू ही टाकी इथं ठेवून गेलास बारा जूनला. जाताना काय सांगून गेलास?… बरोबर. “माशांना चिमूटभर दाणे टाका, झाडांचं काही करावं लागत नाही.” खरंच काही करावं लागलं नाही. पंधरा दिवसांत ती आपली आपण मरायला लागली… नाही, पाण्याचा दोष नाही. लाइट जाते त्याचाही नाही. दोष तुझा… तुझाच. तू ती खडीत गाडून गेलास.

ते अनुबियास… हो, जाड पानांचं, गडद हिरवं. त्याला आडवं खोड असतं ना, आल्याच्या तुकड्यासारखं?… हळदीच्या बेण्यासारखं. अगदी बरोबर. म्हणून तर तू गाडलंस. आपल्या हदगावच्या माणसाला असं काही दिसलं की हात आपोआप मातीत जातो. पण हे खोड मातीतलं नाही, दादा. हे ओढ्याकाठच्या दगडाला, पाण्यात पडलेल्या झाडाला धरून राहतं. मुळांनी धरायचं आणि खोड उघडं राहू द्यायचं. ते झाकलं की कुजतं. त्याला माती लागतच नाही, पाण्यात जे विरघळलेलं असतं त्यावर ते जगतं… मला कुठं माहीत होतं? वाचलं मी. बॉटनीच्या पुस्तकात खोडाचे प्रकार होते, पण तुझ्या टाकीतलं खोड कुठल्या प्रकारात बसतं हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता मुख्य ऐक. तुला फोनवर बाबा “हाव, बरंय, जेवलास का” एवढंच म्हणतात. तू गेल्यावर ते कसे होते ते तू बघितलं नाहीस… रिटायर झाल्यावर सगळेच असे होतात, मान्य. पण एकतीस वर्षं लाइनमन होते ते. वारा सुटला की आपल्या घरी फोन वाजायचा, आठवतं? जेवणाच्या ताटावरून उठायचे. या जूनमध्ये वारा सुटला, लाइट गेली, आणि फोन वाजलाच नाही. बाबा ओसरीत खुर्ची टाकून बसले. समोरच्या खांबावर नवा माणूस चढला होता. तो उतरेपर्यंत बघत बसले, आणि मग म्हणाले, “पाय चुकीच्या जागी ठिवला त्यानं.” बास. दिवसभरात तेवढंच बोलले.

हो… हो, तू निघालास तेव्हाच ते तुला म्हणाले होते, घेऊन जा तुझं हे. मी होते तिथं… म्हणूनच तू गिऱ्हाईक बघितलंस, मला कळतं. त्यांचा त्रास कमी करायला बघितलंस. तुला कुणी बोल लावून राहिलं नाही. पुढं ऐक.

एके दिवशी दुपारी टाकीत एक पान सुटून वर तरंगलं. बाबांनी ते चिमटीत धरून काढलं, देठाचा वास घेतला आणि म्हणाले, “हे सडून राहिलं.” आणि उठून चष्मा शोधायला लागले. दादा, मेपासून त्यांचा चष्मा आई शोधायची. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्वतः शोधला.

मग आम्ही दोघांनी सगळी झाडं उपटली. कुजलेलं ब्लेडनं कापलं, टणक हिरवं तेवढं ठेवलं. सात तुकडे वाचले. मी म्हटलं, यांना लाकडाला नाहीतर दगडाला बांधायचं असतं. बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं, “काय करायचं असतं?” मी म्हटलं, बांधायचं. तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना परत कामावर घेतलं.

लाकूड?… पैनगंगेच्या काठावरून आणलं. बाभळीचं मूळ आहे, पुरानं धुऊन साल काढलेलं. सायकलवर आडवं बांधून आणलं त्यांनी. त्याचा रस पाण्यात उतरतो, म्हणून आधी उकळून घ्यावं लागतं. तर आपल्याकडं एवढं मोठं भांडं एकच… हो. आईचा आंघोळीचं पाणी तापवायचा गंज. तो स्टीलचा मोठा. तीन दिवस चुलीवर बाभूळ उकळत होती आणि आई घराबाहेर बसून गल्लीतल्या प्रत्येकाला सांगत होती, “आमच्याकडं लाकडाची भाजी हाय.” पाणी चहासारखं झालं होतं.

उकळून झालं तर लाकूड तरंगायला लागलं. बाबा म्हणाले, वजन लावू. मागं शहाबादी फरशीचा तुकडा पडला होता, तो आणला. मी म्हटलं, थांबा, आणि त्यावर लिंबू पिळलं. बारीक फेस आला. ती फरशी चुनखडीची असते ना, पाण्यात ठेवली की हळूहळू विरघळते, पाणी जड होतं. बाबा वाकून बघत होते. म्हणाले, “दगडाला बी पित्त व्हतं का?” मग काळा दगड आणला, त्यावर लिंबू पिळलं, काही झालं नाही, तोच लाकडाच्या खाचेत घट्ट बसवला. तेव्हापासून ते दिसेल त्या दगडावर लिंबू पिळतात. आईनं लिंबं लपवून ठेवलीत.

आता बांधणी. दादा, तू बाबांना कधी काम करताना जवळून बघितलंयस?… मी पण नाही. आपण खालून बघायचो. खांब उंच असतो. या वेळी पहिल्यांदा ते काम एका फुटावरून बघितलं मी.

खांबावर ते चिनीमातीचे इन्सुलेटर असतात ना, पांढरे, त्यावर तार बसवून बांधतात. तीच गाठ. तुकडा लाकडावर ठेवला. मुळं खाली, पानं उजेडाकडं. डाव्या अंगठ्यानं नुसता टेकवून धरला, दाबला नाही. मग दोन पानांच्या मधल्या जागेतून एक वेढा, लाकडाखालून फिरवून पुढच्या दोन पानांच्या मधून दुसरा, आडवा. एकही देठ दबला नाही. मी म्हटलं, सैल वाटतंय. म्हणाले, “तार आवळायची नसती, बसवायची असती. उन्हाळ्यात लांबती, हिवाळ्यात आखडती, वारा आला की हालती. हालू द्यायचं. सुटू द्यायचं न्हाई.” आणि बोटानं तुकडा हलवून दाखवला. हलला. सुटला नाही. सातही तुकड्यांना मिळून त्यांना वीस मिनिटं लागली असतील. मला एकाला वीस मिनिटं लागली आणि त्याची दोन पानं तुटली.

हो, गोंदानं चिकटवूनही चालतं. मी सांगितलं होतं. म्हणाले, चिकटवलेलं कुठं धरलंय ते दिसत नाही. बांधलेलं दिसतं… तसेच आहेत ते.

पण बांधलं कशानं, ते विचार… दोऱ्यानं नाही. तेव्हा नाही. लाइनमन कशानं बांधेल? खांबावरून घरात येते ती सर्व्हिस वायर, तिचा जुना तुकडा सोलला आणि आतल्या तांब्याच्या बारीक तारा घेतल्या. मी बघत होते, दादा. बीएस्सी झालेली मी, आणि मला इतकं सुंदर वाटलं ते, हिरव्या खोडावर लालसर तार, की माझ्याही डोक्यात आलं नाही.

नवव्या दिवशी टाकीतल्या गोगलगायी खाली पडायला लागल्या. चौदा होत्या ना?… अकरा गेल्या. मासे ठीक होते… हो, तांबं. गोगलगायींना तांबं अगदी थोडंही सोसत नाही. पण बाबांना पटेना. आणि त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. ते म्हणाले, “सगळी दुनिया तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिती. डॉक्टर पितात. मग गोगलगाईला काय झालं?” याचं उत्तर तोंडानं देऊन उपयोग नव्हता. मी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. पाणी एकच, ताजं. एकीत तार घातली, दुसरीत नाही. दोन्हीत एकेक गोगलगाय… नमुना लहान होता, मला कळतं. तीनच उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तारेच्या बरणीतली शंखाचं दार लावून तळाशी पडली होती. दुसरी काचेवर चढत होती. पहिलीला लगेच काढलं, ती वाचली.

बाबा उठले. पक्कड घेतली आणि सगळ्या तारा एकेक करून काढल्या. बांधताना लागला होता त्याच्या दुप्पट वेळ लागला. मग मेलेल्या गोगलगायी गोळा करून लिंबाच्या झाडाखाली पुरल्या. हात धुताना माझ्याकडं न बघता म्हणाले, “एकतीस वर्षांत माझ्या लाइनवर एका माणसाला शॉक लागला न्हाई.”

…

दादा? आहेस ना?… हां. मला वाटलं रेंज गेली.

मी म्हटलं, आता संपलं. आता हे टाकीकडं बघणार नाहीत. तुला फोन करून सांगणारच होते की ने बाबा तुझी टाकी. पण आई गोधडी शिवत होती ना, तिनं रीळ त्यांच्यासमोर टाकलं. सुती दोरा, पांढरा. म्हणाली, “याच्यात काय न्हाई. निव्वळ कापूस हाय.” बाबांनी एक टोक ओढून बघितलं, म्हणाले, “हा पाण्यात कुजल. महिना-दीड महिना टिकला तर टिकला. कुजणाऱ्या दोऱ्यानं बांधणं म्हणजे काम न्हाई, फसवणूक हाय.” मी सांगायला लागले की तोपर्यंत मुळं लाकडाला धरतात, मग दोरा लागतच नाही, पुस्तकात असं आहे, तसं आहे. ऐकतात कुठं. त्यांच्या हातचा जोड सुटलेला त्यांना चालतच नाही.

मग आई म्हणाली, सुईवरची नजरसुद्धा वर न करता, “मी गोधडीला आधी कच्चा टाका घालते. पक्का टाका बसला की वढून काढते. मी काय गोधडीला फसवते का?”

बाबांनी दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, “म्हणजे लग्नाच्या मांडवाला देतेत तसं. टेंपररी कनेक्शन.” आई म्हणाली, “तुमच्या भाषेत काय असंल ते.” बाबा म्हणाले, “मग मंजूर.”

दोन ऑगस्टला बांधलं. आज पंचेचाळिसावा दिवस.

रोज… हो, रोज. कॅलेंडरवर रोज एक रेघ. सकाळी चहाआधी टाकीसमोर स्टूल. मी भिंग देते, ते बघतात, मी वहीत लिहिते. एकोणिसाव्या दिवशी पहिलं मूळ दिसलं. पांढरं, गोधडीच्या दोऱ्याएवढं जाड, टोकाशी हिरवट. ते लाकडाच्या एका चिरेकडं गेलं, आणि दादा, चिरेत नाही शिरलं. कडेनं फिरलं, बाजूच्या खडबडीत जागेवर टेकलं आणि तिथं चपटं झालं. बाबा म्हणाले, “बघ. पाय बरोबर जागी ठिवला त्यानं.”

तू हे टाकी म्हणून बघून राहिलास. तू म्हणतोस चार फूट काच, बारा मासे, एक पंप. मी वहीत बघते तर सात तुकड्यांची एकतीस मुळं मोजलीत मी. एकेका मुळाचा त्यांना पत्ता माहीत आहे.

तेहतिसाव्या दिवशी एका जागी दोरा तुटला. बाबांचा हात लगेच पाण्यात. आईनं मनगट धरलं. “चालू तारेला हात लावला न्हाई कधी, अन् इथं का वळवळ करून राहिलात?” हात बाहेर काढला त्यांनी, पण दिवसभर जेवण गेलं नाही. आता तर जवळजवळ सगळाच दोरा गेलाय. थोडे कुसळांसारखे धागे लोंबतात, मासे टोचून टोचून खातात.

आणि आज टेस्टिंग. म्हणजे काय, खोडाला बोटांनी धरून ओढून बघायचं. धरलं असेल तर धरलं. नसेल तर हातात येईल. पंचेचाळीस हा आकडा त्यांचाच. मी म्हटलं होतं चाळीस. म्हणाले, “आपण सरकारी माणसं. पाच दिवस जास्तीचे धरायचे.” परवापासून म्हणून राहिलेत, टेस्टिंगच्या वेळी धम्माला फोन लाव, त्याला दाखवू. आणि तू फोन केलास तो नळी लाव म्हणायला.

…

काय?… नाही, मी तुला रडवायला सांगत नाही. तू विचारलंस टाकी का रिकामी केली नाही, तर कारण सांगितलं. लांबलं थोडं… मग करून टाक ना त्याला फोन. सांग, नाही देत… कसं तोंडानं सांगू म्हणजे?… हो, तेही आहे. माणूस पहाटे निघालाय… मला पण सुचत नाही दादा. म्हणूनच नळी खुंटीला आहे.

थांब. फाटक वाजलं… बाबा आले.

हो बाबा, दादाचाच आहे… नाही, मी नाही लावला, त्यानंच केला… हो, सांगते. थांबा, बोलून राहिलोय आम्ही.

दादा, हळू बोलते. खाकी शर्ट घातलाय त्यांनी. कामावरचा. खिशात टेस्टर पण आहे… देवा शप्पथ म्हणणार होते, पण तू हसशील. आहे खरंच. दाढी एकदम गुळगुळीत… बाह्या वर करून राहिलेत. झाकण काढलं. आई, चष्मा बघ यांचा… सापडला, कपाळावरच होता.

दादा… टेम्पो आला. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला… तोच असेल. आपल्या गल्लीत दुसरं कोण टेम्पो घेऊन येतं?… हो, थांबला. उतरला. चौकटीचा शर्ट, हातात मोठी रिकामी बादली आणि थर्माकोल… तोच.

या ना, या. आदिनाथ सर ना?… हो, हो, हाच पत्ता. बसा. आई, पाणी दे पाहुण्यांना… बाबा, हे लातूरहून आलेत… हो, दादाच्या ओळखीचे.

दादा, ऐकू येतंय का तुला?… बाबांना वाटलं तू त्यांना टेस्टिंग बघायला पाठवलंस. खुर्ची दिली. सांगून राहिलेत सगळं… तू खोड गाडलंस तिथपासून. गोगलगायींचं पण सांगितलं, लपवलं नाही… तो ऐकतोय. बादली खाली ठेवली त्यानं. त्याची अभ्यासिका आहे म्हणाला, पोरं दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसतात, त्यांना डोळे वर करून बघायला काहीतरी पाहिजे म्हणून… हो, म्हणजे आता बोलला तो. टाकी न्यायला आलोय म्हणाला.

…

हो… ऐकलं बाबांनी. माझ्याकडं बघितलं त्यांनी.

हो बाबा… हो. त्यानं ठरवलं होतं… नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून. मला कालच कळलं… बरं, विचारते.

दादा, बाबा विचारतात, तू शब्द दिला होतास का?… मोठ्यानं बोल, गाडीचा आवाज येतोय तुझ्याकडं… बाबा, हो म्हणतोय.

… थांब. काही बोलू नकोस. ते टाकीकडं गेले परत.

हात घातला पाण्यात. कोपरापर्यंत. मधला तुकडा, सगळ्यात मोठा… दोन बोटं फक्त. खोडाला धरलंय, पानाला नाही… डावा हात बाहेरच आहे. लाकडाला हात लावलेला नाही त्यांनी… ओढतायत. हळू. तार ताणतात तसं…

दादा, लाकूड उठलं.

… एक बाजू पूर्ण उठली. तळाची खडी दिसून राहिली खालची. झाडाला धरून लाकूड उचललंय त्यांनी… दगडासकट, दादा, दगडासकट. पाण्यात वजन कमी भरतं, मान्य, पण एकही मूळ सुटलं नाही. मी मोजून राहिले… सर उभे राहिलेत खुर्चीतून. आई पण आली… हो, बघतेय ती. पदराला हात पुसून राहिली उगीच, कोरडेच आहेत.

काय म्हणालास?… मला नको सांगू. तूच सांग त्यांना. देते.

बाबा, दादा आहे. घ्या… राहू द्या ओले हात, मी धरते कानाशी. बोला.

हाव. बोल धम्मा…

हाव, धरलंय. चांगलं धरलंय…

न्हाई रे. राग कशाचा?… माझ्यासाठीच केलं ना तू. मीच म्हणलो होतो, घेऊन जा तुझं हे. माझ्या ध्यानात हाय…

न्हाई, न्हाई. त्यांना परत पाठवायचं न्हाई. माणूस लातूरहून आलाय, आपल्या घरचं पाणी प्यालाय. तू शब्द दिला. काच जाईल. मासे बी जातील. तिथं पोरं हायत, बघतील बिचारी…

लाकूड न्हाई जात. लाकूड मी आणलं, बांधलं बी मी. तुझ्या शब्दात लाकूड नव्हतं…

मरत न्हाई. मातीत असतं तर उपटावं लागलं असतं, मुळं तुटली असती. हे लाकडासकट उचललं की चाललं कुठं बी…

त्यांना बी देतो एक. आदिनाथरावांना. शेंड्याचा तुकडा तोडतो, तीन पानं ठिवून, काळ्या दगडाला बांधून देतो. पंचेचाळीस दिवस हात लावायचा न्हाई म्हणून सांगतो…

गोगलगायी न्हाई देत. त्या तीन माझ्या जिम्मेदारीवर हायत…

ठिवायचं कशात? तुझ्या मायच्या गंजात… तोच, पाणी तापवायचा. दुसरं मोठं भांडं हाय का घरात?… ती माझ्याकडंच बघून राहिली आत्ता…

हाव. येताना नवी काच आण. हिच्याहून मोठी…

दसऱ्याला? लई लांब हाय दसरा. आधी ये… अरे, गंज अडकला ना. तू येस्तोवर घरात कुणालाच आंघोळीला ऊन पाणी न्हाई…

हाव… हाव. वाट बघतो.

ठिवतो आता. दोरा भिजू घालायचाय.